भाववहीतले चौदा शेरे

४ फेब्रुवारी
भाव : एकाला अकरा दहा

वरचा आकडा मी हौसेने लिहिलेला नाही. आत्याचा हुकूम आहे. म्हणाली, "रोज आधी भाव लिहायचा, मग दिवसभरात काय झालं ते. लिहिल्याशिवाय भाव डोक्यात शिरत नाही." शाळेच्या शेवटच्या परीक्षेला मी दोनदा बसले, डोक्यात तेव्हाही काही शिरलं नव्हतं. पण ही वही ती वाचणार नाही असं तिने कबूल केलंय, म्हणून लिहितेय.

बाबांनी मला इथे पाठवलं त्याला कारण दातांचा दवाखाना. तिथे मी फोन घ्यायला होते. डॉक्टरांच्या मशीनचा आवाज रेकॉर्ड केला आणि दवाखान्याच्या फोनला लावून दिला. फोन वाजला की दाढ कोरल्याचा आवाज. पहिल्या दिवशी तीन पेशंट पळाले, त्यातला एक तोंडात कापूस घेऊन. बाबा म्हणाले, "हिला माझ्या बहिणीकडे धाडा. तिच्यापुढे भल्याभल्यांची दातखीळ बसते."

आत्याचं दुकान पुलाच्या अलीकडच्या टोकाला. पूल ओलांडला की दुसरा देश, दुसरा पैसा. जाणारे आपले देऊन त्यांचे घेतात, येणारे उलटं करतात, आणि मधे काचेच्या खिडकीमागे आत्या. समोर स्पंज, बोट ओलं करायला. शेजारी नोटा मोजायचं मशीन, त्याच्यावर तिचा काडीचा विश्वास नाही. बाहेर पाटी, पाटीवर खिळे, खिळ्यांना पत्र्याचे आकडे. सकाळी नऊला फोन येतो आणि आत्या आकडे टांगते. अकरा दहा म्हणजे त्यांचा एक घ्यायला आपले अकरा आणि वर दहा. हे मला आज चौथ्या वेळी समजलं.

६ फेब्रुवारी
भाव : अकरा दहा

रोज साडेदहाला एक बाई येते. शिलाईकाकू. पुलापलीकडे बुटांचा कारखाना होता, तिथे ही बुटांची कातडी शिवायची. कारखाना बंद पडून सतरा वर्षं झाली. ही येते, बाहेरची पाटी बघते, आत येऊन पुन्हा विचारते, "आज किती?" आत्या सांगते. मग स्टुलावर बसते, फुकट चहा पिते आणि जाते. बदलून काही घेत नाही. बदलायला असणार तरी काय हिच्याकडे.

आज मी विचारलं, "काकू, रोज भाव ऐकून तुम्हाला मिळतं काय?"
"सवय गं."
"सुपारीची सवय ऐकली होती. भावाची पहिल्यांदाच बघते."
आत्याने डोळे वटारले. काकू मात्र हसली. दात चांगले आहेत. दवाखान्यात असते तर डॉक्टर उपाशी मेले असते.

९ फेब्रुवारी
भाव : अकरा पंधरा

मागच्या खोलीत आत्याच्या भाववह्या आहेत. एकतीस. वर्षाला एक. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना त्या दिवसाचा भाव त्यात चढतो. शाईने. खाडाखोड नाही, एकतीस वर्षांत एकसुद्धा नाही, असं ती मान ताठ करून सांगते. तीन रकाने : तारीख, भाव, शेरा. शेऱ्यात काय लिहायचं? भावावर परिणाम होण्यासारखं काही घडलं तर तेवढंच. "पूल बंद." "पलीकडे बँका बंद." "दुपारनंतर झुंबड."

"आणि काही घडलं नाही तर?"
"तर रिकामा सोडायचा. शेरा रिकामा म्हणजे दिवस बरा गेला."

मला धूळ पुसायला बसवलं. पानंच्या पानं रिकामे शेरे. इतके बरे दिवस एकाच बाईच्या आयुष्यात, बघवेना. माझ्या हाताला आधीपासून दुसऱ्याच्या अक्षराची विद्या आहे, प्रगतिपुस्तकावर बाबांची सही बाबांपेक्षा मी चांगली करायचे. आत्याचं अक्षर तर सोपं, उभं, काठ्या उभ्या केल्यासारखं. दौतीतल्या शाईत पाणी घालून फिकी केली, म्हणजे जुनी वाटेल. माझी अक्कल असल्या कामाला बरोबर धावते.

आज तीन शेरे :
वही अकरा, १८ ऑगस्ट : "एक गिऱ्हाईक नोटेला वास येतो म्हणून भांडलं. वास त्याचाच होता."
वही बारा, ३१ मे : "पोस्टमनला कुत्रं चावलं. कुत्र्याची तब्येत बरी."
वही बावीस, ७ जानेवारी : "दिवसभर कुणी आलं नाही. मीही आले नसते तर चाललं असतं."

१३ फेब्रुवारी
भाव : अकरा पंधरा

आत्याला खोकला झालाय. दुपारी मागच्या खोलीत पाठमोरी बसली होती, मांडीवर बावीस नंबरची वही, आणि खांदे गदागदा हलत होते. मी पाणी नेलं तर पदर तोंडाला लावून म्हणाली, "जा तू, गिऱ्हाईक बघ." डोळ्यांतून पाणी. औषध आणू का विचारलं तर म्हणाली नको, उतरेल.

संध्याकाळी काय डोक्यात आलं कोण जाणे, गल्ल्याची दुसरी चावी माझ्या हातात दिली. खोकल्याने माणूस हळवं होतं.

२० फेब्रुवारी
भाव : अकरा वीस

या आठवड्यात मिळून अकरा शेरे. आधीचे तीन धरून चौदा. सगळे लिहून ठेवते, पुढे म्हातारपणी हसायला होतील. (पूर्ण यादी मागच्या पानावर, तारखांसकट.) सर्वांत चांगला वही तेरा, ३० नोव्हेंबर :

"पुलावरच्या सिग्नलवर माकड चढलं. तांबडा दिवा सोडेना. भाव स्थिर."

"भाव स्थिर" हे लिहिताना मला स्वतःचाच अभिमान वाटला. अगदी आत्या.

आता पुरे. चौदा झाल्यावर कंटाळा आला. शिवाय गिऱ्हाईकं वाढलीत.

११ मार्च
भाव : अकरा तीस

आज दुकानात वकीलबाई आल्या, शिलाईकाकूला घेऊन. मला वाटलं आत्याने काही भानगड केली. तसं नाही. ऐकता ऐकता चहा गार झाला माझा.

कारखान्यात काकूचा पगार त्यांच्या पैशात ठरलेला, महिना आठशे. पण हातात आपला पैसा द्यायचे. कुठल्या भावाने? सरकारी. सरकारने तेव्हा भाव चारवर ठोकून ठेवला होता, सहा वर्षं हलू दिला नाही. आठशेचे बत्तीसशे. आणि खरा भाव, ज्याने पुलावरची सगळी माणसं घ्यायची-द्यायची, तो चारवरून चढत चढत साडेनऊला गेला. शेवटी शेवटी काकूला मिळायला हवे होते सात हजार सहाशे. मिळायचे तेच बत्तीसशे. मधले कारखान्याच्या पोटात.

त्यावर इतकी वर्षं केस चालली. आता लवादाने सांगितलंय, पगाराच्या दिवशी खरा भाव काय होता ते सिद्ध करा, फरक व्याजासकट मिळेल. पण सिद्ध कसं करणार? तेव्हा खरा भाव छापायला बंदी होती. पेपरवाले रोज इमानदारीत चार छापायचे.

वकीलबाई म्हणाल्या, "अख्ख्या गावात रोजच्या रोज खरा भाव लिहून ठेवणारं माणूस एकच निघालं."
आत्या म्हणाली, "लिहायला बंदी नव्हती. छापायला होती."

एकोणीस माणसं आहेत पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवलेली. काकूचे होतात तीन लाख अठ्ठावन्न हजार. आणि ती राहते ती खोली मालक विकतोय. मेअखेर साडेतीन लाख दे, नाहीतर सामान उचल. हे तिने सांगितलं नाही, वकीलबाईंनी सांगितलं. ती स्टुलावर बसून पदराचं टोक दुमडत होती.

आत्याने वह्या काढून दिल्या, नऊ ते चौदा. मला म्हणाली, "पुसल्यास ना नीट?" मी म्हटलं, चकाचक.

आमच्या वह्या लवादापुढे. आकडेच बघतील म्हणा, शेरे कोण वाचतंय.

२ एप्रिल
भाव : अकरा पंचेचाळीस

आज लवादापुढे पहिली सुनावणी. मी पण गेले, वह्या उचलायला कुणीतरी हवं म्हणून. लांब खोली, लांब टेबल, पंखा नुसता आवाज करणारा. अध्यक्ष म्हातारे आहेत, झोपेत मान हलते ती सगळ्यांना होकार वाटते. कारखान्याच्या वकिलाचं नाव मी दोनचष्मे ठेवलंय. एक नाकावर, एक कपाळावर, आणि तिसरा शोधत असतात.

आत्याने शपथ घेतली आणि उभी राहिली, खिडकीतून दिसते त्यापेक्षा बुटकी दिसली. विचारलं, खाडाखोड? "एकही नाही." भाव कुणी सांगायचं? "बाजार." दोनचष्म्यांना काही सापडेना. म्हणाले, वह्या बघायला पंधरा दिवस हवेत.

जिन्यावर काकूने आत्याचा हात धरला. किती वेळ सोडला नाही. मी तेवढ्यात वकीलबाईंच्या काळ्या कोटाला नोटांचं रबर अडकवून दिलं. त्या तसंच घालून गेल्या.

१६ एप्रिल
भाव : अकरा पन्नास

कसं लिहू.

दोनचष्मे उठले. तेरा नंबरची वही उघडली. नाकावरचा चष्मा काढला, कपाळावरचा खाली घेतला. वाचलं, "पुलावरच्या सिग्नलवर माकड चढलं. तांबडा दिवा सोडेना. भाव स्थिर." लोक हसले. अध्यक्षसुद्धा जागे झाले. मीही हसले. खरंच हसले, देवाशप्पथ, कुणीतरी शेवटी वाचलं म्हणून.

मग ते म्हणाले, "ही नोंद अठरा वर्षांपूर्वीची. पुलावर सिग्नल बसला त्याला यंदा सहा वर्षं झाली. हा नगरपालिकेचा दाखला."

कुणी हसेना. मी या गावात फेब्रुवारीत आले. मला काय माहीत तो सिग्नल कधी बसला. मला वाटलं पूल आहे तर सिग्नल असणारच.

ते म्हणाले, म्हणजे वह्या नंतर बनवलेल्या आहेत. एक नोंद खोटी तर सगळ्या खोट्या. आत्याला विचारलं, अक्षर तुमचं? आत्याने ती ओळ वाचली. म्हणाली, "अक्षर माझं आहे." मग म्हणाली, "लिहिलेलं माझं नाही." दोनचष्मे म्हणाले, हे छान आहे.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. काकूने बघितलं, पण तिला कळलं नव्हतं. तिला वाटलं मी रडतेय म्हणजे तिच्यासाठी रडतेय.

१७ एप्रिल
भाव बघितला नाही

सकाळी आत्या आकडे टांगायला निघाली तेव्हा सांगितलं. चौदा म्हणून सांगितलं. ती पाचचा आकडा हातात धरून उभी. म्हटलं मार. तिने आकडा खिळ्याला लावला, सरळ केला आणि म्हणाली, "बावीसमधला एक मी वाचला होता."

"कधी?"
"त्याच आठवड्यात. 'मीही आले नसते तर चाललं असतं.' वाटलं, एवढा एकच असेल. बोलले असते तर तुझ्या बापाला कळवावं लागलं असतं, तो तुला घेऊन गेला असता." मग दुसरा आकडा उचलत, "या दुकानात हसायला झालं त्याला किती वर्षं झाली ते मलाही सांगता येत नाही. म्हणून गप्प बसले. गप्प बसायला नको होतं."

मी म्हटलं, चूक माझी आहे. ती म्हणाली, "हो. पण वही माझी होती."

साडेदहाला काकू आली. "आज किती?" म्हणाली. आत्याने सांगितलं.

१८ एप्रिल
भाव : अकरा पंचावन्न

वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग तोच हात माझ्या कानाला. मी म्हटलं, मी येऊन सांगते ना खरं काय ते. म्हणाल्या, "तू सांगशील चौदा. ते विचारतील पंधरावा कशावरून नाही? आणि जिला अक्षर जमतं तिने आकडे कशावरून बदलले नाहीत? तुझ्या शब्दाला तिथे किंमत काय?"

 मग सुचलं आणि वाटलं, सुचलं नसतं तर बरं. मी म्हटलं, "मी लिहून ठेवलेत. तारखांसकट. त्या त्या दिवशी."
"कशात?"
"माझ्या रोजच्या वहीत."

त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, केस तुला अकरा मार्चला कळली, शेरे फेब्रुवारीतले, म्हणजे थट्टा आहे, बनाव नाही. वही दे. मी म्हटलं, फक्त ती पानं देते. म्हणाल्या, "फाडलेल्या पानांना कोण विचारतं? अख्खी द्यायची. आणि ते अख्खी वाचणार."

यात काय काय लिहिलंय ते मला माहीत आहे. हे लिहितेय तेही वाचतील. दोनचष्मे, नमस्कार.

३० एप्रिल
(वही जमा आहे. हे दुकानातल्या पावत्यांच्या पाठीवर लिहितेय, परत मिळाली की डकवेन.)
भाव : अकरा साठ

आधी मला कोऱ्या कागदावर आत्याच्या अक्षरात लिहायला लावलं. लिहिलं. अध्यक्षांनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि म्हणाले, "शाळेत काय शिकवत होते तुला?" मी म्हटलं, हे शाळेतच शिकले.

मग वाचायला सुरुवात. अध्यक्ष स्वतः वाचत होते, मोठ्याने, प्रत्येक शब्द वेगळा करून, निकाल वाचतात तसं. दातांचा दवाखाना. कापूस. "झोपेत मान हलते ती सगळ्यांना होकार वाटते." ते थांबले. चष्मा पुसला. लिहून घेणाऱ्याला म्हणाले, "घ्या, घ्या, हेही घ्या." दोनचष्म्यांनी कपाळावरचा चष्मा हळूच खिशात ठेवला.

हे सगळं चाललं असतं. पण सहा फेब्रुवारी पण होती त्यात.

"फुकट चहा पिते आणि जाते. बदलायला असणार तरी काय हिच्याकडे."

काकू दुसऱ्या रांगेत, बाकीच्या अठरा जणांच्या मधे. माझी मान वर होईना. तिची चप्पल तेवढी दिसत होती. पट्टा तिने स्वतः शिवलेला, बारीक टाके, एकसारखे.

दोनचष्मे म्हणाले, ही वहीसुद्धा बनवलेली असेल. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "वकीलसाहेब, पुरावा बनवायला बसलेलं माणूस स्वतःला जरा तरी बरं दाखवतं."

निकाल एकोणीसला.

२ मे
भाव : अकरा साठ

शिलाईकाकू आल्या. "आज किती?" आत्याने सांगितलं. मी चहा पुढे केला. म्हणाल्या, "नको गं, पिऊन आलेय." उभ्याउभ्याच गेल्या.

९ मे
भाव : अकरा सत्तर

रोज पिऊनच येतात.

१९ मे
भाव : अकरा ऐंशी

वही परत मिळाली. पहिल्या पानावर शिक्का आणि नंबर.

निकाल : वह्यांतले भाव खरे धरले. माझ्या शेऱ्यांचे दिवस सोडून. ते दिवस वहीतून गेले, जसे उगवलेच नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, त्या दिवसांना आदल्या दिवसाचा भाव लावा. अध्यक्ष म्हणाले, जिथे डाग पडला तिथे मी अंदाज करणार नाही, तिथे सरकारी चारच.

पगार महिन्याच्या शेवटच्या तारखेला व्हायचा. चौदातले बारा दिवस असेच, मधले. दोन पगाराचे. ३१ मेचं कुत्रं आणि ३० नोव्हेंबरचं माकड.

दोन महिन्यांचा फरक, व्याजासकट, माणशी सोळा हजार. एकोणीस माणसं. तीन लाख चार हजार. हा गुणाकार मी पहिल्या फटक्यात बरोबर केला, शाळेतल्या बाईंनी बघायला हवं होतं.

बाहेर सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. सतरा वर्षं कारखाना बंद, आणि आज पैसे. मला वाटलं गुपचूप सटकावं. आत्याने दंडाला धरलं. म्हणाली, "सांग त्यांना. वकीलबाईंनी नाही, तू." मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहून सांगितलं. कोणाचे किती आणि कशापायी. कारखान्यात बुटांचे तळ बसवणारे एक आजोबा होते, ते म्हणाले, "माकडापायी सोळा हजार?" आणि हसायला लागले, मग हसता हसता त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. एक बाई म्हणाली, हिला आधी थोबाडीत द्या. कुणी दिली नाही. दिली असती तर मला जरा हलकं वाटलं असतं.

काकू म्हणाल्या, "चला रे, ऊन वाढलंय."

२० मे
भाव : अकरा ऐंशी

काकूंचे झाले तीन लाख बेचाळीस. खोलीला साडेतीन. आठ हजार कमी, आणि हातात अकरा दिवस.

आत्या म्हणाली, मी देते. मी म्हटलं, तू नाही. तिने ओढाताण केली नाही. तिच्या ओळखीचा एक दुचाकी घेणारा आहे, त्याचा नंबर तेवढा पाटीमागे लिहून ठेवला आणि चष्मा शोधायला निघून गेली. ती चष्मा लावत नाही.

माझ्याकडे विकण्यासारखी एकच गोष्ट आहे. स्कूटर, दवाखान्याच्या पगारातून घेतलेली, हॉर्न बदकासारखा वाजणारी. तो हॉर्न मी स्वतः बसवला होता.

२६ मे
भाव : अकरा नव्वद

स्कूटर नऊ हजार दोनशेला गेली. घेणाऱ्याने हॉर्न वाजवून बघितला आणि दोनशे कमी केले. म्हणजे नऊच.

दुपारी काकूंकडे गेले. एकच खोली. खिडकीपाशी शिलाईचं मशीन, भिंतीला लागून पलंग, सगळ्या वस्तू जागच्या जागी, तीस वर्षं बसून बसून त्यांना आकार आल्यासारख्या. मी पाकीट पुढे ठेवलं. आठ हजार. मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील, मग मी आग्रह करीन, मग दोघी रडू. त्यांनी पाकीट उघडलं आणि बोट ओलं करून मोजायला लागल्या. दोनदा मोजले.

"आठ."
"हो."
"तू सोळा बुडवलेस."
"बाकीचे आठ महिन्याला पाचशे करून देते. आणि त्या अठरा जणांचे पण. सगळ्यांचं लिहून ठेवलंय. वेळ लागेल."
"किती?"
"पगार सहा हजार. दोन मला ठेवले तर... सहा-सात वर्षं."

त्यांनी चहा टाकला. मी नको म्हटलं. म्हणाल्या, "फुकटचा आहे. पी."

मी प्यायले.  मग त्याच बोलायला लागल्या. "तू विचारलं होतंस ना, भाव ऐकून काय मिळतं. सहा वर्षं कामावर जाताना रोज तुझ्या आत्याची पाटी बघायचे मी. घरी येऊन मनात हिशोब. आज किती खाल्ले माझे, ते कळायला. पाटी नसती तर मला वाटलं असतं, मिळतात तेवढेच माझे. नंतर कारखाना गेला, बघायची सवय राहिली." पाकीट डब्यात ठेवत, "मी वेडी नव्हते एवढं त्या पाटीवर कळायचं."

मी म्हटलं, "काकू, मला माफ..."
"ते राहू दे. आधी कागदावर लिही, तुझ्याकडून येणं किती ते."

मी लिहिलं : आठ हजार. त्यांनी कागद उलटा फिरवून वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"हे नको. त्यांच्या पैशात लिही."
"म्हणजे?"
"म्हणजे पलीकडच्या. आपला पैसा घसरतोच आहे. फेब्रुवारीत तू आलीस तेव्हा किती होता? अकरा दहा. आज?"
"अकरा नव्वद."
"तू सात वर्षं फेडणार. तोवर या आठ हजारात काय येईल, एक चप्पल? सहा वर्षं हेच केलं आम्हाला. आकडा तोच, किंमत निम्मी. पुन्हा नाही."

मी कागद पुढे ओढला. मग त्यांच्यासमोर हिशोब केला. आठ हजार भागिले अकरा नव्वद. सहाशे बहात्तर, वर थोडं. "वर थोडं सोडलं," त्या म्हणाल्या. "ओळखीची आहेस."

कागदावर लिहिलं : त्यांचे सहाशे बहात्तर. त्या दिवशीच्या खऱ्या भावाने. सही माझी, माझ्याच अक्षरात. बाकी अठरा जणांच्या कागदांवरही तसंच लिहायचं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. तळ बसवणाऱ्या आजोबांना त्या स्वतः जाऊन सांगणार आहेत.

दारात म्हणाल्या, "पहिल्या तारखेला ये. उशीर नको, मला खोलीचे कागद करायला जायचंय."

१ जून
भाव : बारा दहा

आज आत्याच्या आधी दुकानात पोचले. ती आली तर मी फोनपाशी बसलेली, नऊ वाजायची वाट बघत. म्हणाली, "पोटात दुखतंय का?" मी म्हटलं, नाही, भाव.

फोन आला. वीसने चढला. मी आकडे टांगले, मग तिथेच उभी राहून हिशोब केला. आज पाचशे देणार, बाकी राहतात त्यांचे सहाशे तीसच्या वर काहीतरी. काकूंचं एक सोड, अठरा जणांचे मिळून पलीकडच्या पैशात चोवीस हजारांवर. एका सकाळीत, कुणाला काही न करता, मी आपल्या पैशात जवळजवळ पाच हजारांनी जास्त देणं लागते.

आत्या मागून म्हणाली, "काय झालं?"
"चढला गं."
"चढतो," ती म्हणाली, आणि बोट ओलं करून नोटा मोजायला बसली.